आपण सोडून सगळ्यांना ठाऊक

१९४८ साली लॉस एंजेलिसमध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. आठवड्याभराने प्रत्येकाच्या हातात त्याचा निकाल पडला. वर नाव आणि खाली तेरा वाक्यांत स्वभाववर्णन. आपला कागद दुसऱ्याला दाखवायचा नाही आणि वर्णन कितपत जुळते त्याला शून्य ते पाच यांपैकी गुण द्यायचे, एवढेच सांगितले होते. सरासरी सव्वाचारच्या आसपास आली. चाचणीने काम चोख केले असे ज्यांना वाटते त्यांनी हात वर करा, म्हटल्यावर जवळजवळ सगळे हात वर गेले. मग फोररने पहिले वाक्य मोठ्याने वाचले आणि असेच काही कुणाच्या कागदावर आहे का, असे विचारले. पुन्हा तेच हात वर, आणि वर्गात एकच हशा. तेराच्या तेरा वाक्ये सगळ्यांना सारखीच होती. त्यांतली बहुतेक फोररने रस्त्यावरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती.

ती वाक्ये काय होती, याचा अंदाज रविवारच्या पुरवणीतले राशिभविष्य चाळणाऱ्या कुणालाही येईल. लोकांनी आपले कौतुक करावे असे तुम्हाला वाटते. तुमच्या अंगात पुष्कळ गुण आहेत, पण त्यांचे अजून चीज झालेले नाही. बाहेरून तुम्ही शिस्तीचे दिसता, आत मात्र धाकधूक असते. अशी वाक्ये कुणाला लागू पडत नाहीत? आणि तरी प्रत्येक विद्यार्थ्याला ती खास आपल्यासाठीच लिहिलेली वाटली.

फोररने १९४९ मध्ये या प्रयोगावर निबंध छापला आणि तेव्हापासून मानसशास्त्राच्या पुस्तकांत तो विद्यार्थ्यांच्या भोळेपणाचा दाखला म्हणून येतो. तो तसा आहेच. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने जास्त मोलाचा आहे तो शेवटचा हशा. माणूस सहज फसतो, हे त्या मुलांना एखाद्या व्याख्यानात सांगितले असते तर त्यांनी ते वहीत उतरवून घेतले असते आणि ‘माणूस’ म्हणजे इतर लोक असे धरून ती वही मिटली असती. इथे आपण स्वतः फसलो हे त्यांना चारचौघांत कळले, आणि तरी कुणी रागावून उठून गेले नाही. मनुष्यस्वभावावर विनोदाने लिहिणाऱ्या मंडळींचा सगळा खटाटोप याच क्षणासाठी चाललेला असतो. स्वतःविषयीची खरी माहिती माणसाला बहुधा बाहेरून मिळते, आणि हसण्याच्या भरात असला तरच तो ती घरात घेतो.

हा खटाटोप सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये एका सरदाराने कलेच्या पायरीला नेला. त्याचे नाव फ्रान्स्वा द ला रोशफुको. जन्म १६१३ चा. उमेदीची वर्षे दरबारी कारस्थानांत आणि लढायांत गेली. १६४८ ते १६५३ या काळात फ्रान्समध्ये राजसत्तेविरुद्ध जी बंडाळी माजली, तिला ‘फ्रोंद’ म्हणतात. हा गडी त्यात बंडखोर उमरावांच्या बाजूने होता. १६५२ मध्ये पॅरिसच्या सेंत-आंत्वान भागातल्या लढाईत त्याच्या तोंडावर गोळी लागली आणि डोळे जाता जाता वाचले. बंड फसले, दरबारातली पत गेली. मग हा हरलेला सरदार मादाम द साब्ले या विदुषीच्या दिवाणखान्यात येऊन बसू लागला.

तिथे एक खेळ चाले. माणसाच्या वागण्याबद्दल एक वाक्य तयार करायचे, कापून कापून लहान करायचे आणि मंडळींत फिरवायचे. पत्रांतून वाक्ये जात, सुधारून परत येत. साब्लेबाईंची ख्याती नुसती बुद्धीसाठी नव्हती, त्यांच्या घरचे जेवणही नावाजलेले होते. एका पत्रात ला रोशफुको आपली ताजी वचने त्यांना पाठवतो आणि मोबदल्यात गाजराचे सूप आणि मटणाचा रस्सा मागतो. मनुष्यजातीच्या स्वार्थावर आसूड ओढणारी वाक्ये अशी रोख व्यवहाराने हातावेगळी होत होती.

ही वचने पुस्तकरूपाने १६६५ मध्ये पॅरिसला निघाली. लेखकाच्या हयातीत पाच आवृत्त्या झाल्या आणि १६७८ च्या शेवटच्या आवृत्तीत वचनांची संख्या ५०४ वर गेली. पहिल्या आवृत्तीच्या मुखचित्रात सत्यप्रेमाचे प्रतीक असलेले एक बालक सेनेका या रोमन तत्त्वज्ञाच्या पुतळ्यावरचा मुखवटा ओढून काढताना दाखवले आहे. पुस्तकाचा रोख त्या एका चित्रात येतो. आपण ज्याला औदार्य, विनय, कृतज्ञता म्हणतो ते खरवडून पाहिले तर खाली बऱ्याचदा आत्मप्रीती सापडते, असे लेखकाचे म्हणणे. छापण्याआधी, १६६३ च्या सुमारास, साब्लेबाईंनी हस्तलिखित ओळखीपाळखीत वाचायला दिले होते. ते वाचून मादाम द ला फाएत हादरल्या. असले काही सुचायला माणसाचे मन किती नासलेले असावे लागेल, अशा अर्थाचे त्यांनी साब्लेबाईंना कळवले. पुढे ला रोशफुकोची सर्वांत निकटची मैत्री जमली ती याच बाईंशी. ‘ला प्रिन्सेस द क्लेव्ह’ ही १६७८ ची प्रसिद्ध कादंबरी त्यांचीच.

आता या आत्मप्रीतीच्या शोधकाचे स्वतःचे काय, असा प्रश्न साहजिकच येतो. उत्तर मजेदार आहे. पुस्तक निघाले त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘जुर्नाल दे सावां’ या नियतकालिकासाठी साब्लेबाईंनी त्याचे परीक्षण लिहिले. त्यात एका परिच्छेदात स्तुती होती आणि दुसऱ्यात, काही वाचकांना हे पुस्तक घातक वाटते, अशी नोंद. छापायला देण्यापूर्वी त्यांनी मसुदा लेखकाकडे पाठवला आणि हवे ते बदल करायची मुभा दिली. मार्च १६६५ मध्ये परीक्षण छापून आले तेव्हा त्यात प्रतिकूल मजकूर नव्हता. स्तुती सुरक्षित होती. माणसाला स्वतःची टीका सोसत नाही, याचा पुरावा देण्याचे काम लेखकाने स्वतःच्या अंगावर घेतले, असेच म्हणायचे.

दुसरा प्रसंग गंभीर आहे. १६५९ मध्ये ला रोशफुकोने स्वतःचे शब्दचित्र छापले होते. त्या काळी पॅरिसच्या उच्चभ्रू मंडळींत अशी शब्दचित्रे लिहिण्याची टूम होती. त्यात त्याने आपला उदास स्वभाव सांगितला, गेल्या तीन-चार वर्षांत आपण जेमतेम तीन-चार वेळा हसलो असू असे लिहिले, आणि दया ही भावना आपल्याला फारशी शिवत नाही, ती मुळीच नसती तर बरे, असेही बजावले. जून १६७२ मध्ये फ्रेंच सैन्याने ऱ्हाइन नदी ओलांडली. त्या चकमकीत त्याचा एक मुलगा मारला गेला आणि थोरला जखमी झाला. तरुण द्युक द लाँगव्हिलही पडला. हा मुलगाही ला रोशफुकोचाच, असे सगळे पॅरिस जाणून होते. बातमी आली तेव्हा त्याच्या स्नेही मादाम द सेविन्ये त्याच्याजवळ होत्या. त्यांनी मुलीला लिहिलेल्या पत्रांतून दिसणारा बाप त्या शब्दचित्रातल्या माणसाशी कुठेच जुळत नाही. म्हणजे एकदा त्याने स्वतःला होता त्याहून निर्विकार समजले आणि एकदा होता त्याहून निर्मोही. दोन्ही वेळा खरे काय ते शेजारच्या माणसाला आधी दिसले, आणि तेही पेशाने मनुष्यस्वभावाचे निरीक्षण करणाऱ्याच्या बाबतीत.

बेंजामिन फ्रँकलिनने वेगळी वाट धरली. विनोद नको, रीतसर हिशेबच ठेवू. आत्मचरित्रात तो सांगतो की तरुणपणी त्याने बारा सद्गुणांची यादी केली आणि एका वहीत प्रत्येक गुणाला एक पान देऊन आठवड्याचे सात रकाने आखले. चूक झाली की त्या रकान्यात काळा ठिपका. ती यादी एका क्वेकर मित्राला दाखवली तेव्हा त्याने हळूच सुचवले की लोक तुला गर्विष्ठ समजतात. फ्रँकलिनला हे ठाऊक नव्हते. मित्राने दाखलेही दिले. म्हणून मग ‘विनय’ हा तेरावा गुण यादीत चढला. एकेका गुणाला एक आठवडा, असा तेरा आठवड्यांचा फेरा. एक फेरा संपला की जुने ठिपके खरवडून पाने नव्याने वापरायची. खरवडून खरवडून कागदाला भोके पडली. तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली, तिच्यावर लाल शाईने कायमच्या रेघा आखल्या आणि चुका पेन्सिलीने मांडू लागला. ओला स्पंज फिरवला की पान कोरे! पुढे म्हातारपणी हे सगळे लिहिताना त्याने कबूल केले की विनय त्याच्या वागण्यात उतरला, मनात काही फार शिरला नाही. पुरता शिरला असता तर त्याचाही त्याला गर्व झाला असता. हिशेबाच्या मार्गाने निघालेला माणूसही अखेर विनोदाच्याच मुक्कामी पोचला.

मराठी वाचकाला या मुलखात परके वाटण्याचे कारण नाही. ला रोशफुकोचा जन्म १६१३ चा, समर्थ रामदासांचा १६०८ चा. पॅरिसच्या दिवाणखान्यात वचने घासली जात होती त्याच शतकात इकडे ‘दासबोध’ आकार घेत होता. त्याच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. समर्थांचा मूर्ख मनातल्या खोल गुंत्यावरून ओळखू येत नाही, उघड्या वागण्यावरून येतो. तो आपली स्तुती आपणच करतो, कारण नसताना हसतो, दुखणे असून औषध घेत नाही आणि पथ्यही पाळत नाही, पुराच्या पाण्यात उडी घालतो. हे ऐकताना श्रोत्याच्या डोळ्यांपुढे गावातली चार माणसे नावानिशी उभी राहतात आणि श्रोता खुशीत येतो. लक्षणे सोडून देण्यासाठी सांगितली आहेत, हे समर्थ समासाच्या शेवटी सांगतात, पण तोवर तो शेजाऱ्याच्या विचारात रमलेला असतो.

दशक मात्र तिथे संपत नाही. दहाव्या समासात पढतमूर्ख येतो, म्हणजे वाचलेला, बहुश्रुत, इतरांना ब्रह्मज्ञान सांगू शकणारा आणि तरीही हाव आणि अभिमान न सुटलेला माणूस. हा समास ऐकायला अडाणी माणूस बसलेला नसतो. बसलेला असतो तो आधीचे नऊ समास समजलेला श्रोता. आता त्याला गावातली चार माणसे शोधायला फार लांब जाता येत नाही.

आधुनिक मराठीत हीच युक्ती चिं. वि. जोशी यांनी चिमणरावाच्या कथांत वापरली. चिमणराव आपली कथा आपणच सांगतो. गुंड्याभाऊला बरोबर घेऊन नसती धांदल करून ठेवतो आणि ती कशी झाली याचा खुलासा अगदी सरळ चेहऱ्याने करतो. त्याला न दिसलेली गोष्ट वाचकाला त्याच्याच वाक्यांतून दिसते. लेखक मध्ये येऊन बोट दाखवत नाही. जोशी बडोद्याला पालीचे प्राध्यापक होते. परक्याचे दोष चटकन दिसतात आणि आपले दिसत नाहीत, हा विचार पालीतल्या ‘धम्मपदा’तही जुगाऱ्याचा दाखला घेऊन आला आहे. संस्कृत सुभाषितांपासून संतांच्या अभंगांपर्यंत तो कितीतरी वेळा भेटतो. विचार नवा कधीच नव्हता, तरी प्रत्येक पिढीला तो पुन्हा सांगावा लागला, यातच त्याची गंमत आहे.

विसाव्या शतकात या चर्चेला प्रयोगशाळेची जोड मिळाली आणि जुन्या मंडळींच्या म्हणण्याला एक अनपेक्षित कलाटणी बसली. ला रोशफुकोच्या मते माणूस स्वतःला फसवतो तो अहंकारापोटी. खरे कारण आत कुठेतरी असते, फक्त तो तिकडे बघत नाही. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी १९७७ मध्ये वेगळीच शंका काढली. मिशिगनमधल्या एका दुकानात त्यांनी बायकांच्या नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारले, यांतला उत्तम कोणता? ५२ जणांनी उत्तरे दिली. डावीकडून मोजत गेले तर पसंती १२, १७, ३१ आणि ४० टक्के अशी चढत गेली. चारही जोड तंतोतंत सारखे होते, तेव्हा निवड ठरली ती जागेवरून. पण कारण विचारल्यावर जागेचे नाव एकानेही काढले नाही. मांडणीच्या क्रमाचा परिणाम झाला असेल का, असे मुद्दाम विचारले तर जवळपास सगळ्यांनी ठाम नकार दिला, आणि काहींनी तर प्रश्न विचारणाऱ्याच्याच डोक्याविषयी शंका यावी अशा नजरेने पाहिले.

पायमोजे निवडण्यात अहंकार दुखावण्यासारखे काय आहे? तिथे लपवायला काहीच नव्हते. लोकांना आपल्या निवडीचे कारण दिसतच नव्हते, म्हणून त्यांनी पटण्याजोगे कारण तयार केले आणि तेच खरे मानले. याची पुढची पायरी स्वीडनमधल्या पेटर योहानसन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये गाठली. दोन स्त्रियांच्या छायाचित्रांतून जास्त आवडलेले निवडायला सांगायचे आणि मग हातचलाखीने न निवडलेलेच हातात द्यायचे. अदलाबदल बहुतेकांच्या ध्यानात आली नाही. हाच चेहरा का आवडला, याची कारणे मात्र त्यांनी बिनदिक्कत सांगितली.

अहंकाराचा हिस्सा यात नाहीच, असेही नाही. ओला स्वेन्सनने १९८१ मध्ये छापलेल्या पाहणीत विद्यार्थ्यांना आपल्या गटातल्या इतरांच्या तुलनेत आपण गाडी किती सफाईने चालवतो असे विचारले होते. अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के मुलांनी स्वतःला वरच्या अर्ध्या भागात बसवले. अर्ध्या भागात अर्धेच मावतात, हा हिशेब कुणाच्या आड आला नाही. आपल्याकडे संध्याकाळी सहाच्या सुमाराला कोणत्याही चौकात उभे राहिले तर हाच निष्कर्ष पाहणीशिवाय निघेल.

विनोदी लेखकांना सर्वांत जिव्हारी लागेल असा प्रयोग कॉर्नेल विद्यापीठात जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी केला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातली पहिलीच परीक्षा विनोदबुद्धीची होती. विद्यार्थ्यांनी तीस विनोदांना गुण द्यायचे आणि ते व्यावसायिक विनोदवीरांनी दिलेल्या गुणांशी ताडून पाहायचे. ज्यांना विनोद सर्वांत कमी कळला, त्यांनाही आपण सरासरीच्या वरच आहोत असे वाटत होते. यामागे थोडा संख्याशास्त्राचा खेळही आहे, असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला आणि त्यात तथ्य आहे, कारण तळाशी असलेल्याचा अंदाज चुकला तर तो वरच्याच बाजूला चुकणार. तरीही ‘मला विनोद कळत नाही’ असे म्हणणारा माणूस अद्याप कुणाला भेटला आहे, असे ऐकिवात नाही.

इथे ला रोशफुकोच्या पुस्तकातला एक बारकावा पुढे येतो. त्याच्या सुरुवातीला वाचकांसाठी एक निवेदन आहे आणि त्यात एक मिस्कील सल्ला आहे. वाचकाने आधीच मनाशी धरून चालावे की यातले एकही वचन आपल्याला उद्देशून नाही आणि सगळ्या जगात अपवाद काय तो आपणच. एवढे झाले की प्रत्येक वचन पटायला त्याला काहीच अडचण येणार नाही. २००२ मध्ये एमिली प्रोनिन, डॅनियल लिन आणि ली रॉस यांनी या सल्ल्याची जणू परीक्षाच घेतली. त्यांनी लोकांना माणसाच्या विचारांतल्या नेहमीच्या कलांची माहिती दिली आणि ते स्वतःला किती लागू आहेत असे विचारले. लोकांनी ते आपल्यापेक्षा इतरांना जास्त लागू असल्याचे सांगितले. माणूस स्वतःला सरासरीपेक्षा चांगला समजतो, हे समजावून दिल्यावरही बऱ्याच जणांनी आपला अंदाज बदलला नाही. आपण खरोखरच सरासरीपेक्षा चांगले आहोत, असे त्यांचे म्हणणे पडले.

मग स्वतःला कोण ओळखते? सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये याचे बरेच नेमके उत्तर दिले. माणसाचे स्वतःबद्दलचे मत, मित्रांचे मत आणि प्रत्यक्ष वागणूक अशी तिन्ही त्यांनी ताडून पाहिली. धास्ती, काळजी, अस्वस्थता यांच्या बाबतीत माणसाचे स्वतःचेच म्हणणे जास्त खरे निघाले, कारण या गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. पण बुद्धी, कल्पकता असे मोठेपणाशी जोडलेले गुण आले की मित्रांचा अंदाज सरस ठरला. याचा अर्थ फोररच्या कागदावरची धाकधूक त्या मुलांची त्यांनाच ठाऊक होती. चीज न झालेल्या गुणांविषयी मात्र मित्राला विचारायला हवे होते.

तेव्हा अशी वचने आणि असे लेख वाचण्याची रीत जरा निराळी ठेवावी लागेल. साब्लेबाईंच्या दिवाणखान्यात ही वाक्ये चारचौघांत वाचली जात, कुणीतरी हरकत घेई, कुणी नाक मुरडी, आणि त्यातून ती घडत. एकट्याने सलग वाचत गेले तर दहाव्या पानावर कंटाळा येतो आणि विसाव्या पानावर आपण फार चाणाक्ष झालो असे वाटू लागते. त्यापेक्षा जेवण झाल्यावर पाच-सहा वचने घरात मोठ्याने वाचावीत. समोर वीस-पंचवीस वर्षे ओळखणारे माणूस असले तर उत्तम. कोणत्या वाक्याला ते जरा जास्तच मोकळेपणाने हसले, तेवढे पाहून त्या वाक्यासमोर समासात पेन्सिलीची खूण करावी. का हसलात, असे मात्र विचारू नये. निस्बेट आणि विल्सन यांच्यावर विश्वास ठेवायचा तर ते त्यांनाही नीट सांगता येणार नाही.